गावचं मोक्षधाम आणि मृत्यूची नोंद: ग्रामपंचायतीच्या सेवेचं परीक्षण

विदर्भातल्या खेड्यात मयत झाली की बरंचसं काम गावच उरकतं. निरोप जातात, कोणी बांबू आणतं, कोणी लाकडं फोडतं, कोणाचा ट्रॅक्टर निघतो. या कामाला कोणी पैसे मागत नाही. उरलेलं काम ग्रामपंचायतीचं: जागा, ओटा, शेड, रस्ता, पाणी आणि मृत्यूची नोंद. स्मशानभूमीची निगा हा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या ग्रामसूचीतला विषय आहे, म्हणजे पंचायत हे उपकार म्हणून करत नाही. इथे परीक्षण आहे ते पंचायतीच्या या वाट्याचं, आणि ते एका गावाचं नाही. वऱ्हाडात असो की झाडीपट्टीत, ही सेवा थोड्याफार फरकाने सारखीच मिळते आणि तिच्या खोडीही सारख्याच आहेत.

सुरुवात शेडपासून करू, कारण पैसा तिथेच जास्त जातो. जनसुविधा योजनेतून किंवा वित्त आयोगाच्या निधीतून होणारं ठरावीक काम म्हणजे चार खांब, वर टिनपत्रे, खाली काँक्रीटचा ओटा आणि त्यावर लोखंडी दाहिनी. अंदाजपत्रकात सगळं बरोबर दिसतं. दोन-तीन वर्षांत ओट्याचे पोपडे उडतात, दाहिनीचे गज मधोमध वाकतात आणि पत्र्याला भोकं पडतात. गावात दोष ठेकेदाराला दिला जातो. बऱ्याचदा तो खराही असतो, पण मूळ चूक आराखड्यात असते.

काँक्रीटच्या पोटात ओल असते. चितेची धग थेट लागली की तिची वाफ होते आणि ती वरचा थर फोडून बाहेर येते. म्हणून चितेखाली उघडं काँक्रीट नको. अग्निविटांचा थर द्यावा, आणि तेवढा निधी नसेल तर निदान अर्धा फूट वाळू किंवा मुरूम पसरून ठेवावा. राख काढताना तोही निघून जातो, तो दर वेळी पुन्हा टाकायला हवा, आणि हे काम कोणाचं ते आधीच ठरवून ठेवावं. लोखंड साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास निम्मी ताकद गमावतं आणि चितेचा गाभा त्याहून तापतो. साध्या अँगलची, पातळ गजांची दाहिनी वाकणारच. बिडाचे जाड गज वाकत नाहीत, पण गरम असताना पाणी पडलं तर तडकतात. त्याच संध्याकाळी बादल्या ओतून ओटा धुण्याची घाई बिडाच्या दाहिनीचा जीव घेते. गज ओट्यापासून फूटभर उंच हवेत. खालून हवा मिळाली नाही तर चिता धुमसते, आणि मग लोक डिझेलच्या कॅनकडे वळतात.

छताच्या बाबतीत स्लॅबपेक्षा पत्रा बरा. स्लॅबचं प्लास्टर पडतं, सळया उघड्या होतात आणि पुढे कधी कोणाच्या डोक्यावर तुकडा येईल सांगता येत नाही. पत्र्यावरचं जस्त सुमारे 420 अंशाला वितळतं, म्हणून पत्रा दाहिनीपासून किमान पंधरा फूट वर हवा आणि मधोमध धूर जायला उघडी जागा हवी. पश्चिम-नैर्ऋत्येकडून झड येते, त्या बाजूला भिंत हवी. बाकी तीन बाजू मोकळ्या. पाया मात्र विदर्भात सगळ्यात जास्त दगा देतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि खांब एकेकटे वर-खाली होतात. काळी माती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदलं आणि मुरुमानेच भरून धुमस केलं, तर शेड टिकतं. मोजमाप पुस्तिकेत ही खोदाई लिहिलेली असते. ती खरोखर झाली का, हे बघायला गावातल्या दोन जाणत्या माणसांनी त्या दिवशी तिथे उभं राहावं. नंतर ते कोणालाच दिसत नाही.

रस्त्याला आमच्याकडून सगळ्यात कमी गुण. नाल्याकाठच्या, नदीकाठच्या मोक्षधामाकडे जाणारी पांदण जुलै-ऑगस्टमध्ये गुडघाभर चिखलाची होते आणि तिरडी खांद्यावरून न्यावी लागते. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे. ग्रामसभेने स्मशानाच्या वाटेचा ठराव आधी घ्यावा, शेताच्या वाटांचे नंतर.

वाट कोणी अडवली तर विदर्भाच्या हाती एक चांगला कागद आहे, जो उरलेल्या महाराष्ट्राला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मधलं निस्तार पत्रकाचं (गावच्या सरकारी पडीक जमिनीवर गावकऱ्यांचे कोणते हक्क, याच्या नोंदीचं) प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढी-वहिवाटींची नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं; वहिवाटीच्या वाटा वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेल्या असतात. कलम 22 प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन दहन-दफनासाठी राखून ठेवू शकतात. आपल्या मोक्षधामाचा सातबारा एकदा काढून बघा. त्यावर 'स्मशानभूमी' अशी नोंद नसेल, नुसतंच 'सरकार' किंवा एखाद्याचं खासगी नाव असेल, तर शेड बांधायच्या आधी ती नोंद करून घ्या. जागा नावावर नसताना बांधलेली शेडं वादात अडकतात.

लाकडाचा हिशेब सोपा आहे आणि तरी चुकतो. मोठ्या माणसाला वाळलेलं लाकूड तीनशे ते साडेतीनशे किलो, म्हणजे आठ-नऊ मण. पावसाळ्यात चारशेच्या पुढे. बाभूळ उत्तम: जड, संथ आणि टिकून जळते. कडुनिंब चालतो. सुबाभूळ लवकर पेटते, लवकर संपते, म्हणून ती वर ठेवावी, खाली नाही. पऱ्हाटी आणि तुराट्या फक्त पेटवणासाठी. कितीही भारे रचले तरी त्यांचा निखारा टिकत नाही. जाड ओंडके खाली आणि दोन्ही बाजूंना, मध्ये बोट जाईल एवढी फट, आणि छाती ते कंबर या भागावर सर्वांत जास्त भार, कारण तिथेच जळायला वेळ लागतो. ओलं लाकूड तळाला गेलं तर चिता दुसऱ्या दिवशीही पूर्ण होत नाही आणि घरच्यांना जे बघावं लागतं ते कोणावर येऊ नये. पेटलेल्या चितेवर डिझेल किंवा पेट्रोल अजिबात ओतू नका; ज्वाळा धारेवरून उलट कॅनमध्ये येते. टायरही नकोच, त्याचा धूर विषारी असतो. कापूर, राळ, तूप आणि वाळलेल्या गोवऱ्या पुरतात. जी पंचायत चाळीस-पन्नास मण लाकूड छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवते, ती अर्धी लढाई जिंकते. अशा पंचायती कमी आहेत.

नागपूरच्या घाटांवर शेतकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या वापरल्या जातात, त्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. वस्तू चांगली आहे. कुटार, पऱ्हाटी, तुराट्या असं जे आपण धुऱ्यावर जाळून टाकतो, तेच कामी येतं, झाडं वाचतात आणि कांड्या कोरड्या असल्याने सगळ्या सारख्या जळतात. खेड्यासाठी दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. कांडी भिजली की फुगून भुसा होते, म्हणजे बंद गोदाम हवंच. आणि ती उघड्या ओट्यावर नीट जळत नाही, खालून हवा देणारी दाहिनीच लागते. ज्या गावात शेडच गळतं तिथे आधी शेड.

दफनाकडे पंचायती फारसं बघत नाहीत. मुस्लीम, ख्रिस्ती, लिंगायत, महानुभाव, गोसावी, काही गोंड कुटुंबं आणि सगळ्याच समाजांतली लहान मुलं, एवढ्या सगळ्यांना पुरण्याची जागा लागते. कबरस्तान नसलं तर लोक स्वतःच्या शेतात पुरतात. तसं करायची वेळ आली तर आधी ग्रामपंचायत आणि तहसीलकडून लेखी घ्या, विहीर आणि नाल्यापासून लांब जागा निवडा, आणि खड्डा माणसाच्या छातीइतका खोल करा. उथळ खड्डा रानडुकरं उकरतात. पुढे शेत विकलं गेलं की समाधीची वाट हा भांडणाचा विषय होतो, म्हणून सामाईक जागेसाठी ग्रामसभेचा ठराव हाच पक्का मार्ग.

जातवार वेगळ्या स्मशानाची प्रथा काही गावांत अजून आहे, आणि एखाद्याची तिरडी सार्वजनिक ओट्यावरून परत पाठवली जाते. हा गावकीचा प्रश्न नाही, गुन्हा आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 चं कलम 4 दहन-दफनभूमीचं नाव घेऊन सांगतं. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे अडवणं 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही येतं. सरकारी पैशातून झालेल्या शेडवर 'अमुक समाज' असा फलक दिसला तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवावं. या बाबतीत कोणत्याही पंचायतीला सवलतीचे गुण देता येत नाहीत.

आता नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मुळात सोपा आणि लोकांच्या बाजूचा कायदा आहे. गावात निबंधक ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतात. घरी मृत्यू झाला तर खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. नमुना 2 भरायचा, 21 दिवसांच्या आत, फी नाही. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं: दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना 4, घरी झाला तर 4-अ. त्याचेही पैसे लागत नाहीत. आणि नोंद झाली की खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत, सात दिवसांत. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत हे स्पष्ट केलं आहे.

आपल्याकडे घर म्हणतं, तेरवी होऊ द्या मग बघू. तेरवी तेराव्या दिवशी, म्हणजे हातात उरतात आठ दिवस, त्यात ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं आणि आठवड्याची मीटिंग. अस्थी सावडल्या की त्याच दिवशी एका माणसाने पंचायतीत जाऊन अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. 21 दिवस गेले की 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. 30 दिवस ते एक वर्ष, तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ही उशिराची वाट आता फार कडक तपासली जाते. पंचायतीतल्या दोन मिनिटांच्या कामासाठी तालुक्याला खेटे घालायची वेळ आणू नका.

दुसरी चूक जागेची. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस जिथला तिथे नाही. यवतमाळ जिल्ह्यातला रुग्ण नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गेला तर नोंद नागपूरला होते, गावात नाही, मग दहन गावात झालेलं असलं तरी. दवाखान्यातून बाहेर पडताना नोंदीचा अर्ज कोणत्या कार्यालयात गेला, क्रमांक काय, हे विचारून कागदावर लिहून घ्यावं. वाटेत रुग्णवाहिकेतच प्राण गेला तर गाडी पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी खबर देण्याची जबाबदारी गाडीच्या प्रभाऱ्याची असते. अनेक कुटुंबं इथे चुकतात, दोन्हीकडे नोंद नसते आणि पेरणीच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर कळतं.

तिसरी चूक नावाची, आणि ही सर्वांत महागात पडते. सातबाऱ्यावर 'महादेव', आधारवर 'महादेवराव', आणि आपुलकीने कोणीतरी नमुना 2 वर 'महादेवजी' लिहिलं. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) म्हणतात माणूस एकच आहे याचा पुरावा द्या. बायांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव असा घोळ. नमुना भरताना आधार, सातबारा आणि बँक पासबुक तिन्ही समोर ठेवा आणि आधारप्रमाणे लिहा. फरक असेल तर त्याच वेळी लक्षात येतो. नोंद झाल्यावर चूक दिसली तर कलम 15 खाली निबंधकच समासात दुरुस्ती करतात. त्यासाठी कोर्टात जा असं सांगणारा माणूस टाळाटाळ करतो आहे. दाखला वेळेत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली पंचायत समितीत अपील करता येतं. मात्र अर्जाची पोच हातात हवी.

दाखला आला की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं, जमीन महसूल संहितेचं कलम 149. 'जिवंत सातबारा' ही मोहीम बुलढाण्यातून सुरू होऊन 2025 मध्ये राज्यभर गेली, कारण वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर राहिली होती. अंत्यसंस्काराच्या आठवड्यात केलेलं काम पुढच्या पिढीचा दहा वर्षांचा वाद वाचवतं, आणि विदर्भात शेतीचे बरेच दावे या एका ढिलाईतून उभे राहिलेले दिसतात.

साप चावला, वीज पडली, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडला, फवारणीत विषबाधा झाली, वाघाने किंवा रानडुकराने मारलं, आत्महत्या केली: यापैकी काहीही असेल तर तिरडी बांधू नका. पोलीस पाटलांना कळवा, ठाण्यात खबर द्या, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं, आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सुनेने किंवा लेकीने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूबद्दल संशय असला, तर शवविच्छेदन टळत नाही, आणि ते टाळायचा प्रयत्नही करू नये. लोक म्हणतात, चिरफाड कशाला, कारण तर सगळ्यांना माहीत आहे. कारण गावाला माहीत असून भागत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 10 ते 75 वयाच्या शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या माणसाच्या अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, त्यात सर्पदंश आहे. पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर प्रकरण सहसा तालुका कृषी कार्यालयाच्या पुढे सरकत नाही. वन विभागाची भरपाईही तशीच. एकदा दहन झालं की तो पुरावा परत आणता येत नाही. इथे पोलीस पाटील सजग असेल तर कुटुंब तरतं. या पदाला या परीक्षणात सर्वांत चांगले गुण आहेत.

राहिला प्रश्न निर्णयाचा. मुलगा म्हणतो पुण्याहून येईपर्यंत थांबा, भाऊबंद म्हणतात सूर्यास्ताच्या आत उरका, बायको म्हणते त्यांना महानुभाव पद्धतीने ठेवायचं होतं. अंत्यविधीचा अधिकार आधी कोणाचा, मग कोणाचा, असा क्रम लावून देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. रूढी चालते, आणि भांडण विकोपाला गेलं तर पोलीस ठाणं किंवा न्यायालय. इच्छापत्रात अंत्यविधीबद्दल लिहिलेलं वारसांवर सक्तीचं नसतं, शिवाय इच्छापत्र बहुधा तेरवीनंतर उघडतात. म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहावं: दहन की दफन, कुठे, अग्नी किंवा माती कोण देणार, काय करू नये. खाली सही, दोन साक्षीदार. एक प्रत घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी, एक विश्वासातल्या माणसाकडे. सक्ती नसली तरी अंगणातल्या वादात असा कागद पुष्कळ वजन टाकतो. मुलीने किंवा बायकोने अग्नी देण्याला कोणताही कायदा आडवा येत नाही, तसं लिहिलेलं असलं तर भाऊबंदांचं तोंड लवकर बंद होतं.

देहदानाला मात्र कायद्याचा आधार आहे, महाराष्ट्र शरीरशास्त्र अधिनियम 1949. नागपूर, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज मिळतो. अर्ज भरला की झालं असं समजू नका. त्या वेळी जवळच्या नातेवाइकाने नाही म्हटलं तर महाविद्यालय देह घेत नाही. शवविच्छेदन झालेला देहही घेत नाहीत, संसर्गजन्य आजार असेल तरी नाही. डॉक्टरचं मृत्यू प्रमाणपत्र सोबत लागतं आणि देह काही तासांत पोहोचावा लागतो, उन्हाळ्यात तर फारच लवकर. गाव महाविद्यालयापासून लांब असेल तर गाडी कोणाची आणि रात्री फोन कोणत्या क्रमांकावर, हे अर्जाच्या मागेच लिहून ठेवावं. नेत्रदानासाठी सहा तासांच्या आत पथक यावं लागतं. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी.

खर्चाच्या पावत्या ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही, ती लावून घ्यावी. लाकूड, गाडी, दवाखान्याचं शेवटचं बिल, सगळं एका पाकिटात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 320 प्रमाणे मृताच्या मालमत्तेतून अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि अखेरच्या आजारातली डॉक्टरची फी बाकी कर्जांच्या आधी भागवायची असते. मालमत्तेचा कारभार न्यायालयाच्या हुकमाने कोणाकडे गेला आणि सोसायटीचं, बँकेचं, सावकाराचं देणं समोर उभं राहिलं, तर हेच पाकीट दाखवायचं.